मॅगी टलिव्हर परत का येते?

जॉर्ज एलियटची 'द मिल ऑन द फ्लॉस' ही कादंबरी एप्रिल १८६० मध्ये ब्लॅकवुड या प्रकाशनसंस्थेने तीन खंडांत काढली. फ्लॉस नदीकाठच्या सेंट ऑग्ज या गावाजवळ, डॉर्लकोटच्या पाणचक्कीवर वाढलेल्या टॉम आणि मॅगी टलिव्हर या भावंडांची ती कथा आहे. वडील कोर्टकचेऱ्यांच्या नादात धुळीला मिळतात. भाऊ त्यांचे कर्ज फेडण्यात आपले तारुण्य खर्ची घालतो. बहिणीचा जीव जडतो स्टीफन गेस्टवर. त्याचे लग्न तिच्या मावसबहिणीशी, ल्यूसीशी, होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलेले असते. एके दिवशी मॅगी त्याच्याबरोबर होडीतून दूर वाहत जाते आणि लग्न न करता एकटी परत येते. कादंबरीतला तात्त्विक प्रश्न या परतण्यात आहे. देवाच्या आज्ञेचा आधार उरलेला नसेल, गावाचा न्याय पटण्यासारखा नसेल आणि मनाची ओढ खरी असेल, तर कर्तव्याने माणसावर हक्क कशाच्या बळावर सांगायचा?

लेखिकेसाठी हा प्रश्न पुस्तकी नव्हता. जॉर्ज एलियट म्हणजे वॉरिकशरमध्ये १८१९ साली जन्मलेली मेरी ॲन इव्हान्स. तरुणपणी ती कडक इव्हँजेलिकल वळणाची होती. १८४२ साली, बाविसाव्या वर्षी, तिने चर्चला जायला नकार दिला आणि वडिलांशी तिचा उभा वाद झाला. शेवटी तिने तोडगा काढला: चर्चला बरोबर येईन, पण तिथे बसून काय मानायचे ते माझे मी ठरवीन. पुढे तिने श्ट्राउसचे येशूचरित्र (१८४६) आणि फॉयरबाखचे ख्रिस्ती धर्माचे सार सांगणारे पुस्तक (१८५४) जर्मनमधून इंग्रजीत आणले. स्पिनोझाच्या 'एथिक्स'चे तिचे भाषांतर १८५६ मध्ये पुरे झाले, पण ते छापले गेले थेट १९८१ साली. कादंबरीलेखनाकडे ती वळली ती या तिन्ही पुस्तकांशी वाक्यावाक्याला झुंजल्यानंतर. त्यामुळे टलिव्हर भावंडांची गोष्ट निव्वळ घरगुती आठवणींची म्हणून वाचली तर तिच्यातले अर्धेअधिक निसटते.

पुढच्या सगळ्या संघर्षाचे बीज पहिल्याच भागातल्या एका लहानशा प्रसंगात आहे. जॅम भरलेले तीन पफ आहेत आणि खाणारी मुले दोन. टॉम तिसऱ्याचे सुरीने दोन तुकडे करतो, पण जॅम एका बाजूलाच जास्त येतो. तो मॅगीला डोळे मिटून उजवा की डावा ते सांगायला लावतो. चांगला तुकडा तिच्या वाट्याला येतो. ती तो टॉमला देऊ करते, पण तो घेत नाही, कारण न्याय म्हणजे न्याय. मग मॅगी तो चवीने, स्वतःला विसरून खाते आणि शेवटचा घास संपतो तेव्हा टॉम तिला हावरट म्हणतो. टॉमने नियम पाळला आहे, तरी बहिणीने आपल्याला विचारायला हवे होते अशी त्याची अपेक्षा आहे. मॅगीने आपणहून सगळे देऊ केले होते, पण खाण्याच्या आनंदात तिला भावाचा विसर पडला, हेही खरेच. एलियट इथे कोणालाच संपूर्ण निर्दोष ठरवत नाही. टॉमजवळ न्याय आहे, ममता तोकडी आहे. मॅगीजवळ ममता उदंड आहे, पण तिला अवधान नाही. टॉमच्या सशांना खायला घालायचे तिच्यावर सोपवलेले असते आणि ससे उपाशी मरतात. तिचे प्रेम तेव्हाही कमी नसते. प्रेम असूनही इजा होते, आणि म्हणून प्रेमाला काही बांधून घेणारे असावे लागते, इतके या प्रकरणांतून पक्के होते.

कौटुंबिक कर्तव्याचे एलियटने केलेले चित्रण टॉमपासून वाचायला सुरुवात करण्याचा मोह होतो. खरे तर ते वडिलांपासून सुरू करायला हवे. टलिव्हरने बहिणीच्या नवऱ्याला तीनशे पौंड उसने दिलेले असतात. स्वतःला पैशांची निकड लागते तेव्हा तो मोठ्या निर्धाराने घोड्यावर बसून वसुलीला जातो. बहिणीचे ओढगस्तीचे घर पाहून निघताना तो कसाबसा कठोर राहतो, पण थोडे अंतर गेल्यावर घोडा मागे वळवतो आणि पैशांची घाई नाही असे सांगून येतो. आपण बहिणीशी निष्ठुरपणे वागलो तर उद्या टॉमही मॅगीशी तसाच वागेल, हा विचार त्याच्या मनातून जात नाही. तत्त्व म्हणून त्याला हे मांडता येणार नाही. ते त्याला आतून कळते. पुढे तो अंथरुणाला खिळतो आणि सावकार दाराशी येतात, तेव्हा या पैशांची वचनचिठ्ठी नष्ट करावी ही बापाची इच्छा टॉमच पुढे मांडतो. बहिणीच्या बाबतीत पाषाण होणारा हा मुलगा आत्याच्या बाबतीत बापाच्या दयेचा वारस ठरतो.

त्याच बापाकडून टॉमला दुसरा वारसाही मिळतो. पाण्याच्या हक्कावरून चाललेला खटला टलिव्हर हरतो. त्याच्या लेखी या सगळ्याच्या मुळाशी असलेला वकील वेकम चक्की विकत घेतो आणि टलिव्हरला तिथेच नोकर म्हणून ठेवतो. ज्या चक्कीवर आयुष्य गेले तिथेच मरावे म्हणून टलिव्हर हा अपमान पत्करतो, पण त्याच रात्री घरातले मोठे बायबल काढायला लावतो. ज्या कोऱ्या पानावर कुटुंबातले जन्म, लग्ने आणि मृत्यू नोंदले आहेत, त्याच पानावर तो टॉमकडून लिहून घेतो की वेकमला कधीही क्षमा केली जाणार नाही, त्याचे वाईट व्हावे, आणि संधी आली की टॉमने त्याला ते भोगायला लावावे. मॅगी हे पाप आहे म्हणून अडवू पाहते. टॉम तिला गप्प करतो, लिहितो आणि खाली सही करतो. क्षमेचा ग्रंथ इथे सूडाची वही होतो. वेकमच्या मुलाशी, पाठीत बाक असलेल्या हळव्या फिलिपशी, मॅगी चोरून भेटते हे टॉमला कळते, तेव्हा तो तिच्याकडूनही बायबलवर हात ठेवून शपथ घेतो. रक्ताची नाती माणसाला घडवतात, तशीच ती त्याच्या हातून क्रौर्यही करवून घेतात. एकाच घरातून, एकाच बापाच्या मायेतून दोन्ही येतात. कर्तव्य भूतकाळातून जन्मते असे मानणाऱ्याला हा प्रसंग टाळता येत नाही.

घर बुडाल्यानंतरच्या त्या निरस दिवसांत मॅगीच्या हाती थॉमस अ केम्पिसचे 'इमिटेशन ऑफ क्राइस्ट' येते. पंधराव्या शतकातले हे लॅटिन पुस्तक पुढे विवेकानंदांनाही अतिशय प्रिय होते आणि त्याचा काही भाग त्यांनी बंगालीत आणला होता. बॉब जेकिन हा फेरीवाला मॅगीसाठी आणलेल्या जुन्या पुस्तकांत ते देऊन जातो. कुणा अनोळखी वाचकाने शाईने केलेल्या खुणा त्याच्या पानांवर फिकट होऊन राहिलेल्या असतात. त्या खुणांच्या मागे मागे जात मॅगी वाचते आणि तिला पहिल्यांदाच वाटते की आपल्या दुःखाला काही व्यवस्था आहे, 'मी' बाजूला ठेवला तर शांती मिळते. ती पुस्तके दूर सारते, साधे कपडे घालते, शिवणकाम करून चार पैसे मिळवते. एलियट या पानांची थट्टा करत नाही. लेखिकेची स्वतःची श्रद्धा गेलेली होती, तरी शतकांपूर्वीच्या एका साधूचा मनुष्यस्वभावाचा अनुभव एका खेड्यातल्या मुलीपर्यंत पोचतो, याबद्दल तिला खोल आदर आहे.

पण या त्यागाची चिकित्सा ती फिलिपच्या तोंडून करते. फिलिपचे म्हणणे असे की मॅगी वैराग्याच्या नावाखाली स्वतःला बधिर करून घेते आहे. वेदना जाणवत असताना ती स्वेच्छेने सोसणे म्हणजे त्याग. वेदना जाणवूच नये म्हणून मन मिटून घेणे हे त्याहून वेगळे आहे. दडपलेली भूक पुढे कधीतरी उसळून येईल, असेही तो बजावतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून मनात विषयच घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. मॅगीला तो शब्द लावणे अन्यायाचे होईल, कारण ती ढोंगी नाही. पण निग्रह आणि निवृत्ती यांतले जे अंतर तिथे अभिप्रेत आहे, तेच फिलिप दाखवतो. फिलिपचा स्वार्थही यात आहे, कारण मॅगीने भेटत राहावे असे त्याला वाटते. तरीही त्याचा मुद्दा खरा ठरतो. सहाव्या भागात संगीत, फुले आणि स्टीफनचा आवाज एकदम समोर येतात तेव्हा मॅगीजवळ त्यांना सामोरे जाण्याची सवयच नसते.

होडीचा प्रसंग नीतिशास्त्राच्या दृष्टीने कादंबरीतला सर्वांत अवघड. त्या दिवशी खरे तर फिलिप यायचा असतो. तो आजारी पडतो आणि त्याच्या जागी स्टीफन येतो. ल्यूसी घरी नसते. पळून जायचे असे कुणीच ठरवलेले नाही. प्रवाह होडीला नेतो, परतण्याची जागा मागे पडते, आणि मॅगीला भान येते तोवर उशीर झालेला असतो. तिने निर्णय घेतला का? नाही. म्हणून ती निर्दोष आहे का? ती स्वतः तसे मानत नाही. जे चांगले म्हणून कळते ते न करण्याच्या मनोदौर्बल्याचा ॲरिस्टॉटलने विचार केला आहे, पण इथे त्याही पलीकडची अवस्था आहे: निवड करण्याचे ओझेच काही काळ दुसऱ्याच्या हाती सोपवून देणे. आधुनिक वाचक मॅगीला इथे पटकन माफ करतो. एलियट करत नाही आणि या बाबतीत ती वाचकापेक्षा मॅगीचा अधिक मान राखते, कारण तिला ती जबाबदारी पेलू शकणारी व्यक्ती म्हणून वागवते.

रात्री, वाटेत त्यांना वर घेतलेल्या एका डच जहाजाच्या डेकवर मॅगी झोपते. तिला स्वप्न पडते. गावाच्या दंतकथेत ऑग हा नावाडी वादळातही एका अनोळखी बाईला, का जायचे हे न विचारता, पलीकडे नेतो आणि ती बाई मेरी माता निघते. स्वप्नात ती होडी येते. तिच्यातली मेरी माता ल्यूसी आहे. नावाडी आधी फिलिप वाटतो, मग तो टॉम असल्याचे दिसते आणि तो मॅगीकडे न पाहता वल्ही मारत निघून जातो. मॅगी त्याला हाक मारायला उठते आणि तिची होडी उलटते. सकाळी जागी होते तेव्हा तिचे मन ठरलेले असते. स्वप्नात धर्माची आज्ञा नाही की नियम नाही, फक्त ल्यूसी, फिलिप आणि टॉम आहेत. मडपोर्ट बंदरात उतरल्यावर स्टीफन युक्तिवाद करतो की आपले प्रेम निसर्गाचे आहे, वाङ्निश्चय झालेला नाही, आणि मन एकीकडे ठेवून दुसऱ्यांशी लग्न करणे ही त्यांचीच फसवणूक ठरेल. त्याचे म्हणणे कच्चे नाही. मॅगीचे उत्तर एवढेच की ज्यांना आपण आपल्यावर विसंबायला शिकवले त्यांच्याशी असलेले बंध मोडून टाकायचे असतील, तर क्षणाच्या इच्छेपलीकडे धरायला काहीच उरत नाही.

मॅगीचे परतणे हा वासनेवर विवेकाचा विजय आहे, असे पाठ्यपुस्तकी विवरण वारंवार आढळते. ते अपुरे आहे. तसे म्हणणे म्हणजे तिला कांटच्या चौकटीत बसवणे. कांटच्या १७८५ च्या ग्रंथात कृतीचे नैतिक मोल ती ओढीतून न होता कर्तव्यबुद्धीतून होण्यात आहे. एलियटचा मार्ग स्पिनोझाचा आहे. 'एथिक्स'च्या चौथ्या भागात स्पिनोझा दाखवतो की एखादी भावना केवळ ज्ञानाने हटत नाही, तिला तिच्याहून प्रबळ आणि विरुद्ध अशी दुसरी भावनाच हटवू शकते. मडपोर्टला नेमके हेच होते. स्टीफनवरचे प्रेम कमी होत नाही. ल्यूसीचा विश्वास, फिलिपचे सोसणे, लहानपणापासूनची टॉमची ओढ यांतून तयार झालेले अधिक जुने, अधिक खोल प्रेम त्याच्यावर मात करते. म्हणून कर्तव्य विरुद्ध इच्छा ही मांडणीच कादंबरीला लागू पडत नाही. मॅगीचे कर्तव्य हे तिच्या इच्छांपैकीच एक आहे, आणि इतरांच्या विश्वासाने ते वर्षानुवर्षे घडत आलेले आहे. फॉयरबाखने देवाला वाहिलेले गुण माणसामाणसांतल्या नात्यांत परत आणले होते. एलियटने कर्तव्याचा अधिकारही तिथेच आणला.

या भूमिकेवरचा सर्वांत कठोर हल्ला नीत्शेने 'ट्वायलाइट ऑफ द आयडॉल्स' (१८८९) या पुस्तकात एलियटचे नाव घेऊन केला. ख्रिस्ती देव सोडायचा आणि ख्रिस्ती नीती मात्र घट्ट धरून ठेवायची, हे त्याच्या मते चालण्यासारखे नाही, कारण ती नीती त्या देवाच्या आज्ञेवरच उभी आहे. एफ. डब्ल्यू. एच. मायर्सने १८७३ मधली केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातली आठवण लिहून ठेवली आहे. तीत एलियट ईश्वर कल्पनेत बसत नाही, अमरत्वावर विश्वास ठेवता येत नाही, तरी कर्तव्य मात्र अटळ आहे, असे अतिशय गंभीरपणे सांगते. ही आठवण नीत्शेच्या आरोपाला पुष्टी देते असे वाटू शकते. पण नीत्शेचा रोख ज्या आज्ञारूपी नीतीवर आहे, तिच्यावर मॅगी उभीच नाही. तिला कुणी आज्ञा केलेली नाही. तिच्यावर कुणीतरी विसंबले आहे. या विसंबण्यातून बंधन येते हे पटायला ईश्वर मानावा लागत नाही. नीत्शेच्या आरोपाला एलियटच्या बाजूने इतके उत्तर कादंबरीतच आहे आणि ते पुरेसे भक्कम आहे.

लेखिकेच्या आयुष्यामुळे या उत्तराला वेगळी धार येते. १८५४ पासून ती जॉर्ज हेन्री ल्यूइस या विवाहित लेखकाबरोबर पत्नीसारखी राहत होती. त्याच्या बायकोचा संसार त्याआधीच दुसऱ्या पुरुषाशी जुळला होता, पण कायद्याने घटस्फोट शक्य नव्हता. १८५७ मध्ये तिने हे थोरल्या भावाला, आयझॅकला, कळवले. त्याने वकिलामार्फत उत्तर धाडले आणि संबंध तोडला. ल्यूइसच्या मृत्यूनंतर, मे १८८० मध्ये, तिने जॉन क्रॉसशी रीतसर लग्न केले तेव्हा आयझॅकचे पत्र आले. त्याच डिसेंबरात ती गेली. समाजाचा नियम मोडणाऱ्या बाईने परत फिरणारी नायिका रंगवावी यात काहींना विसंगती दिसते. विसंगती नाही. ल्यूइसच्या घरात तिने कुणाचा विश्वास मोडला नव्हता, फक्त रूढी मोडली होती. मॅगीने स्टीफनशी लग्न केले असते तर रूढी सांभाळली गेली असती आणि विश्वास मोडला असता.

सेंट ऑग्ज गाव नेमका उलटा निवाडा देते. मॅगी लग्न करून, चार चांगले कपडे घालून आली असती तर गावाने हळूहळू तिला पोटात घातले असते. ती एकटी आली म्हणून पतित ठरते. या ठिकाणी एलियट कथा थांबवून धर्मशास्त्रातल्या एका बदनाम परंपरेची बाजू घेते. प्रत्येक प्रसंगाचा वेगळा बारीक विचार करणाऱ्या जेझुइट पंडितांची पास्कालने सतराव्या शतकात खरपूस हजेरी घेतली होती आणि तेव्हापासून ती पद्धत लबाडीचे दुसरे नाव झाली. एलियट म्हणते की त्या विपर्यासामागे सत्य होते: तयार सूत्रांनी माणसाचा न्याय होत नाही, त्याच्या परिस्थितीत शिरावे लागते. पाद्री डॉ. केन हे जाणतो. मॅगीने स्टीफनशी लग्न करणे कदाचित कमी अनिष्ट ठरेल असे त्याला वाटते, तरी तिच्या सदसद्विवेकापुढे तो आपले मत रेटत नाही. आपल्या मुलांना शिकवण्याचे काम तो तिला देतो, पण कुजबुज त्याच्यापर्यंत येते आणि ते थांबवावे लागते.

भावंडांच्या कर्तव्याची शेवटची परीक्षा टॉमच्या दारात होते. तो बहिणीला घरात घेत नाही. आई मात्र घर सोडून तिच्याबरोबर जाते. आयुष्यभर चादरी, चिनी मातीची भांडी आणि माहेरची प्रतिष्ठा यांपलीकडे न गेलेल्या या बाईकडून हे अपेक्षितच नसते. त्याहून अनपेक्षित वागते ती ग्लेग मावशी. पैशाला आणि रीतीला जपणारी, मॅगीला सदा टोचून बोलणारी ही बाई उघड सांगते की रक्ताच्या माणसाबद्दल वाईट ऐकले तर आधी आपल्या माणसावर विश्वास ठेवायचा, पुरावा मिळेपर्यंत दार बंद करायचे नाही. कुळाचा अभिमान इथे दयेचे काम करतो. टॉमजवळही तोच अभिमान आहे, पण त्याला तो निवाड्याच्या कामी लावतो. वचनचिठ्ठी आणि बायबलचे पान यांतला फरक इथे पुन्हा समोर येतो: भूतकाळातले कोणते बंधन पाळायचे, हे निव्वळ 'आपले' म्हणून ठरत नाही. त्या बंधनाने कुणाला आधार मिळतो आणि कुणाला चिरडले जाते, ते पाहावेच लागते. टॉमने हे पाहिले नाही, ही त्याची चूक. पण बापाची शपथ पाळणारा आणि कर्ज फेडणारा टॉम एकच आहे, त्यामुळे त्याला खलनायक ठरवणारे वाचन फसवे आहे.

शेवट महापुराचा आहे. मॅगी होडी घेऊन चक्कीवर अडकलेल्या टॉमपर्यंत पोचते, टॉम तिला लहानपणीच्या नावाने हाक मारतो, आणि वाहत येणाऱ्या लाकडी यंत्रसांगाड्याखाली दोघे एकमेकांच्या मिठीत बुडतात. हेन्री जेम्सला १८६६ मध्ये हा शेवट फार खटकला. एफ. आर. लीव्हिसने १९४८ मध्ये त्यात लेखिकेचे नायिकेशी एकरूप होऊन केलेले स्वप्नरंजन पाहिले. शेवटचा खंड घाईत आटोपला गेला हे एलियटने स्वतःही मान्य केले होते. या टीकेत तथ्य आहे. पुराने टॉमची क्षमा फुकट मिळवून दिली. मॅगी वाचली असती तर त्याने तिला घरात घेतले असते का, हे सांगायचे राहिले. पण पुराने मॅगीचा प्रश्न सोडवला, असे मात्र म्हणता येत नाही. पाणी घरात शिरण्याआधी तिने स्टीफनचे परत बोलावणारे पत्र मेणबत्तीवर जाळलेले असते. तिचा निर्णय पूर्ण झाला होता, आणि तो मरणाच्या तयारीने केलेला नव्हता. पुढच्या लांबलचक आयुष्याची भीती मनात असताना केलेला होता.

राहिला दुसरा प्रश्न: विश्वासाचे बंधन पाळणे कुठपर्यंत? समोरच्यानेच ते आतून पोखरले असेल तर? टलिव्हरांच्या घरात याचे उत्तर मिळत नाही. १८६२-६३ मध्ये क्रमशः आलेल्या 'रोमोला'त एलियटने तो पुन्हा हाती घेतला. फ्लॉरेन्सची रोमोला विश्वासघातकी नवऱ्याला सोडून निघते तेव्हा धर्मोपदेशक साव्होनारोला तिला वाटेत अडवून कर्तव्याची आठवण देतो आणि ती परतते. दुसऱ्यांदा ती निघते, तेव्हा तिला आज्ञापालनाचा हक्क कुठे संपतो हे स्वतःच ठरवावे लागते. तीही एका होडीत आडवी पडते आणि स्वतःला वाऱ्याच्या स्वाधीन करते. होडी तिला साथीने उद्ध्वस्त झालेल्या एका किनाऱ्यावरच्या गावात नेते. तिथे तिच्यावर आधीचा कुणाचाही हक्क नसतो, आणि ती आजाऱ्यांना पाणी पाजायला लागते.